चाकूफेक आणि टॉमहॉकफेक : सोलापुरात स्पर्धेच्या नियमांनी खेळायची असेल तर

माळरान

नमस्कार मंडळी.

चाकूफेक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सर्कसच येते. फिरत्या चाकाला बांधलेली मुलगी, डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस आणि ढोल. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, तेव्हापासून ही परंपरा आपल्या ओळखीची आहे आणि त्या कलावंतांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मी ज्या खेळाबद्दल लिहितोय त्यात माणसाच्या आसपास चाकू फेकणं पूर्णपणे वर्ज्य आहे. इथे जमिनीवर आखलेली रेघ असते, समोर लाकडाचं लक्ष्य असतं, त्यावर गुणांची वर्तुळं असतात. एकच फेक पुन्हा पुन्हा तशीच्या तशी जमते का, एवढंच बघायचं. तिरंदाजी किंवा नेमबाजीच्या जवळचा खेळ आहे हा.

आम्ही चार-पाच जण हैदराबाद रोडला, बोरामणीच्या अलीकडे एका मित्राच्या शेतात हे करतो. आता गुण मांडून, नियम पाळून खेळणारा एक गट सोलापुरात व्हावा असं फार वाटतंय, म्हणून हा धागा.

आधी खेळाची ओळख करून देतो. युरोपातल्या नियमांत चाकूसाठी ३, ५ आणि ७ मीटर अशी अंतरं आहेत, कुऱ्हाडीसाठी म्हणजे टॉमहॉकसाठी ४ आणि ७ मीटर. लक्ष्याच्या मधोमध १० सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याला ५ गुण. बाहेर दर १० सेंटिमीटरला एकेक वर्तुळ, ४, ३, २, १ असं उतरत ५० सेंटिमीटरपर्यंत. चाकू रुतला तरच गुण. आपटून खाली पडला तर शून्य, मग तो अगदी मधोमध लागलेला का असेना. पाय रेघेपुढे गेला तरी शून्य.

फेकायचा चाकू स्वयंपाकघरातल्या चाकूसारखा नसतो. त्याला धार नसते, फक्त टोक असतं. एकसंध पोलादाची पट्टी, साधारण ३० सेंटिमीटर लांब, ५-६ मिलिमीटर जाड, पाव किलोच्या आसपास वजन. लाकडी मूठ लावली तर ती फुटते, म्हणून लावत नाहीत. हलका चाकू नवशिक्याने घेऊच नये. वाऱ्याने आणि हाताच्या जराशा थरथरीने तो कुठल्या कुठे जातो.

टॉमहॉकचं डोकं अर्धा-पाऊण किलोचं आणि दांडा सरळ, दीड फुटाच्या आसपास. त्याचा दांडा आपल्या टिकावासारखा वरून नेढ्यात, म्हणजे डोक्याच्या भोकात, घालतात, पाचर मारत नाहीत. त्यामुळे फेकताना डोकं पुढे निसटत नाही, उलट जास्त घट्ट बसतं. दांडा मोडला तर नवा बसवायला दोन मिनिटं लागतात, आणि दांडे मोडतातच. आपली नेहमीची कुऱ्हाड फेकायला घेऊ नका. तिचा दांडा खालून घातलेला आणि पाचरीवर तोललेला असतो, दोन-चार वेळा आपटला की डोकं सुटून भलतीकडे जाऊ शकतं.

विचारायचं ते विचारा. जमेल तसं सविस्तर सांगेन.

---

दोन मुलांची आई

धागा आवडला, पण काळजीही वाटली. माझा धाकटा चौदा वर्षांचा आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने गच्चीतल्या दारावर स्क्रू ड्रायव्हर फेकायला सुरुवात केली आहे. रागावून उपयोग होत नाही. त्याला हे शिकवावं का, की विषयच बंद करावा?

---

माळरान

ताई, विषय बंद केलात तर तो गच्चीवर तुमच्या नकळत फेकेल. शिकू द्या, पण मोठ्या माणसाच्या देखत आणि मोकळ्या जागेतच. गच्ची अजिबात नको. कठड्यावरून खाली गेलेला चाकू कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही.

या खेळात इजा होते ती बहुधा परत उसळणाऱ्या चाकूने. चाकू आडवा लागला किंवा आधीच रुतलेल्या चाकूवर आदळला की तो काही मीटर मागे येतो, कधी बाजूला जातो. म्हणून आमच्याकडे बघणारे सगळे फेकणाऱ्याच्या बऱ्याच मागे उभे राहतात, बाजूला कुणीही नाही. बूट बंद हवेत. चपला, सँडल घालून आलेल्याला आम्ही रेघेजवळ येऊ देत नाही. सगळ्यांचं फेकून झालं की एक जण "थांबा" म्हणतो, मग सगळे मिळून चाकू काढायला जातात. एकटा कुणी मध्येच पुढे जात नाही. लक्ष्याच्या मागे भिंत किंवा मातीचा बांध हवाच.

आणि अजून एक. दोन चाकू एकमेकांवर घासले की पात्याला बारीक काटा येतो. दिसत नाही, पण बोटात खोल जातो. दर फेरीनंतर चाकवावर कापड फिरवून बघायचं आणि काटा लागला की कानशीने घासून काढायचा. हे काम मुलाला द्या. ज्याला कानस धरून चाकू नीट करायचा धीर असतो, त्याच्या हाती चाकू द्यायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

---

पूर्वभाग

अण्णा, मी ऑनलाइन तीन चाकवांचा सेट घेतलाय. काळे, एवढुसे, सहा इंचांचे. घराच्या मागं फळी लावून फेकतोय, पण दहातले आठ आडवे लागतेत बघा. जोर लावला तर अजूनच उसळतेत. मनगट कसं वळवायचं ते सांगा की.

---

माळरान

मनगट वळवायचंच नाही! सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. चाकू आपण फिरवत नसतो. हात खांद्यावरून पुढे येतो, त्याच्याबरोबर चाकूही येतो, आणि हात समोर आला की मूठ सैल होते. फिरकी आपोआप मिळते. मनगट मोडलं की दर वेळी फिरकी वेगळी, मग चाकू कधी टोकाने लागेल, कधी मुठीने.

मूठ हातोडी धरतो तशी धर, अंगठा बाजूला. चाकू कानाजवळ आण, पुढे सोड, आणि सोडल्यावरही हात खाली मांडीपर्यंत येऊ दे. मध्येच अडवू नकोस. जोर निम्मा कर.

मग अंतर जुळवायचं. ३ मीटरवर उभा राहा आणि चाकू कसा लागतो ते नीट बघ. मूठ खाली लोंबतेय आणि टोक वर आहे, तर फिरकी पुरी झालेली नाही. अर्धं पाऊल मागे हो. मूठ वर आणि टोक खाली, तर फिरकी जास्त झाली, पुढे ये. हात बदलू नकोस, पाय बदल. मूठ पकडून ३ मीटरच्या आसपास चाकवाचं एक पूर्ण वेटोळं, म्हणजे एक पूर्ण फेरा, होतं. टोकाकडून पकडलं तर २ मीटरला अर्धं आणि ४ मीटरला दीड.

आणि ते सहा इंची चाकू ठेवून दे. युरोपातल्या नियमांत २३ सेंटिमीटरपेक्षा लहान चाकू चालतच नाही. हलका चाकू झर्रकन फिरतो, चूक सुधारायला वावच देत नाही.

---

वर्कशॉप

वरच्या "जोर निम्मा कर" यामागे साधं गणित आहे, ते मांडतो. मी इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवतो.

मनगट ताठ असेल तर सोडण्याच्या क्षणी चाकू आणि हात एकच वस्तू असल्यासारखे कोपराभोवती फिरत असतात. चाकवाचा पुढे जाण्याचा वेग म्हणजे फिरण्याचा वेग गुणिले कोपरापासूनचं अंतर. हात सुटल्यावर दोन्ही वेग तसेच राहतात. म्हणजे एका वेटोळ्यात चाकू किती पुढे जाईल? ६.२८ गुणिले ते अंतर. कोपरापासून तळहातापर्यंत सुमारे ३५ सेंटिमीटर धरा, उत्तर येतं सुमारे २.२ मीटर.

यात जोर कुठेच नाही. जोरात फेका, हळू फेका, एका वेटोळ्याचं अंतर तेवढंच राहतं, कारण वेग वाढला की फिरकीही त्याच प्रमाणात वाढते. स्पर्धेतली अंतरं ३, ५, ७ अशी दोन-दोन मीटरनी का वाढतात, तेही यातूनच कळतं. पहिल्या ३ मीटरमध्ये रेघेपुढे आलेला हात धरलेला असतो, पुढे प्रत्येक वेटोळ्याला साधारण २ मीटर. टॉमहॉक लांब दांड्याच्या टोकाला धरतात, त्याचं वजन हातापासून दूर असतं, म्हणून तिथे ४ आणि ७, म्हणजे ३ मीटरची वाढ.

प्रत्यक्षात खांदाही हलतो, मूठ एका क्षणात सुटत नाही, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होणार. उंच माणसाला थोडं मागे उभं राहावं लागतं ते हात लांब असतो म्हणून.

---

पूर्वभाग

सर, हे लई भारी सांगितलंत. मी कॉलेजात हेच सूत्र पाठ केलं होतं, ते इथं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आज निम्म्या जोरानं फेकून बघतो.

---

कोर्टाची पायरी

मी सोलापूर कोर्टात वकिली करते. चांगला छंद आहे, पण कायद्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. उत्साहात कुणी अडकू नये म्हणून सविस्तर लिहिते.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. म्हणून विळी, कोयता, शेतातली कुऱ्हाड ठेवायला परवाना लागत नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवार, खंजीर, भाले, लढाईच्या कुऱ्हाडी आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत.

तेव्हा फेकायचा चाकू करून घेताना पातं या मापांच्या आत ठेवा. दीड इंच रुंदी खेळाला पुरते. दोन्ही बाजूंनी धार असलेला, खंजिरासारखा दिसणारा माल ऑनलाइन मागवू नका. तो "खेळाचा आहे" हे सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येईल. टॉमहॉकचं पातं बऱ्याचदा २ इंचांहून रुंद असतं, आणि मुद्दाम लढाईच्या कुऱ्हाडीसारखं सजवलेलं विकत घेतलंत तर शेतीचं अवजार म्हणून ते पटवून देणं अवघड जाईल. साधं, कामाचं दिसणारं करून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सोलापूर शहराला पोलीस आयुक्तालय आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात शस्त्रं, सुरे, काठ्या बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. असा आदेश चालू असताना चाकवांची पिशवी स्कूटरला अडकवून सात रस्ता चौकातून निघालात तर तुम्ही खेळाडू आहात हे तिथे उभ्या हवालदाराला कळणार कसं? सामान शेतावरच ठेवा. न्यायचंच असेल तर कुलूपबंद पेटीत, गाडीच्या डिकीत, आणि थेट मैदानावर. गट होत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जागा, वेळ, जबाबदार माणसाचं नाव असं लेखी पत्र देऊन पोच घ्या. हे पत्र म्हणजे परवानगी नव्हे, पण तुमचा हेतू कागदावर राहतो.

कुणाची विशेष परिस्थिती असेल तर आपल्या वकिलाला प्रत्यक्ष विचारा.

---

माळरान

वकीलबाई, मनापासून आभार. पत्राची सूचना फार मोलाची आहे. पुढच्या आठवड्यात मसुदा करतो, तुम्ही नजरेखालून घालाल का?

---

कोर्टाची पायरी

जरूर. इथेच टाका, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

---

ऐरण

मालक, आमचं पिढीजात लोहारकाम. आता गॅरेजवाल्यांची कामं जास्त, पण भाता अजून चालू आहे. चाकू घरच्या घरी करायचा तर सांगतो.

पोलाद कमान पाट्याचं घ्यावं. ट्रकचा पाटा फार जाड येतो, तो पातळ करण्यात दिवस जातो. जुन्या जीपचा नाही तर छोट्या टेम्पोचा बघा. मोडलेला पाटा मात्र घेऊ नका, त्यात डोळ्याला न दिसणारी भेग असते. ती पुढं चाकवात उघडते.

आधी तापवून राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा, म्हणजे मऊ पडतो. मग कापा, घासा, आकार द्या. टोक सुईसारखं करू नका. पहिल्याच दिवशी वाकेल नाही तर तुटेल. छिन्नीच्या टोकापेक्षा थोडं बारीक, एवढंच.

खरं काम पाणी देण्यात, म्हणजे लाल तापवून विझवून कडक करण्यात आहे. हे पोलाद पाण्यात विझवलं तर तडकतं, तेल लागतं. तेलातनं काढलेला चाकू काचेसारखा ठिसूळ असतो, तो तसाच फेकला तर दोन तुकडे होतात आणि एक तुकडा कुणाकडं जाईल सांगता येत नाही. म्हणून एक बाजू घासून चकचकीत करायची आणि परत हळूहळू शेकायची. आधी गवताचा पिवळा रंग येतो. भाजी चिरायच्या चाकवाला तिथंच थांबतात. पुढं तपकिरी होतो, मग जांभळा, आणि मग निळा. हा निळा रंग सगळ्या अंगावर सारखा पसरला की काढायचा. त्या निळ्यावर चाकू वाकेल पण तुटणार नाही, आणि वाकला तर ऐरणीवर दोन ठोक्यात सरळ होतो. उन्हात रंग नीट दिसत नाही, हे काम सावलीत करा.

तीन चाकू एकाच पाट्यातनं काढा आणि तराजूवर तोलून सारख्या वजनाचे करा. वजन वेगळं झालं की हात चुकतो.

---

माळरान

ऐरणदादा, असं लिहिणारा माणूस या धाग्यावर यावा अशीच इच्छा होती. तीन चाकू सारख्या वजनाचे हवेत हे फार खरं आहे. स्पर्धेत एका पाळीला तीन चाकू लागोपाठ फेकतात, हाताला तिन्ही एकच वाटले पाहिजेत. टॉमहॉकच्या दांड्यासाठी तुम्ही कोणतं लाकूड वापराल?

---

ऐरण

बाभळीचा घ्या, आपल्याकडं मुबलक. सरळ रेषेचा, गाठ नसलेला, सावलीत वाळलेला. धावडा मिळाला तर सोनंच, पण तो आपल्या भागात कमी. दांड्याला रंग, वॉर्निश नको, हातात अडकतो. जवसाचं तेल चोळा.

---

दांडपट्टा

धागा वाचतोय. चर्चा चांगली आहे, पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. आपल्याकडे मर्दानी खेळांची एवढी मोठी परंपरा असताना अमेरिकेतल्या आदिवासींची कुऱ्हाड कशाला? आपला विटा आहे ना! छोटा भाला, त्याला दोरी बांधलेली, फेकायचा आणि दोरीने परत हातात ओढून घ्यायचा. मराठा घोडदळाचं हत्यार. कोल्हापूरच्या तालमींत आजही शिकवतात. आपली पोरं परदेशी व्हिडिओ बघून टॉमहॉकमागे धावतात आणि विटा म्हणजे काय ते त्यांना माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

---

माळरान

तुमचं वाईट वाटणं मला पटतं. मी स्वतः विट्याचे हात पाहिलेत, आणि दोरीचा झटका देऊन तो परत हातात घेण्याला जे कसब लागतं त्यापुढे आमची फेक सोपी आहे.

तरी मी हा खेळ निवडला त्याचं कारण सांगतो. मर्दानी खेळ गुरूकडून अंगात उतरतो, त्याला वर्षानुवर्षं तालीम लागते, आणि तो मुख्यतः सादर केला जातो. चाकूफेकीत कालच्या माझ्या गुणांशी आजचे गुण ताडून बघता येतात, आणि तेच नियम पाळून खेळणाऱ्या दूरच्या माणसाशीही. नोकरी करून आठवड्यातून एखादी सकाळ देणाऱ्यालाही आपण कुठे आहोत ते कळतं. मला त्या मोजणीची ओढ आहे.

टॉमहॉक ज्यांचा आहे त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच फेकावा. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचं ते रोजचं अवजारही होतं. पुढे फरचा व्यापार करणाऱ्यांनी तो उचलला, त्यांच्या मेळाव्यांच्या आठवणीत तिकडे आजही लाकडावर खेळायचा पत्ता लावून तो टॉमहॉकने मधोमध चिरायच्या स्पर्धा होतात.

---

दांडपट्टा

मोजणीचा मुद्दा समजला, पण पुरता पटला नाही. विट्यालाही अंतर आणि गुण लावता येतील, कुणी लावले नाहीत एवढंच. तुमच्या मैदानावर एक बाजू विट्याला दिलीत तर मी माझ्या वस्तादांना विचारून येतो.

---

माळरान

एक बाजू तुमची. या.

---

टेक्सासवासी सोलापूरकर

माझं बालपण बाळीवेशीत गेलं, आता बरीच वर्षं ऑस्टिनजवळ आहे. इथेच २००३ मध्ये इंटरनॅशनल नाइफ थ्रोअर्स हॉल ऑफ फेम ही संस्था सुरू झाली. तिच्या नियमांवर होणाऱ्या स्पर्धा मी जवळून पाहतो, म्हणून थोडी भर घालतो.

या खेळाला अमेरिकेत शिस्त लावली ती हॅरी मॅकएव्हॉय यांनी. मिशिगनमध्ये त्यांनी खास फेकण्यासाठी तोललेले चाकू बनवायला सुरुवात केली आणि फेकणाऱ्यांना एकत्र आणलं. त्याआधी तो बहुतेक रंगमंचावरचा प्रकार होता.

इथल्या नियमांत अंतर "किमान" असतं. ३ मीटर म्हणजे ३ मीटरच्या आत यायचं नाही, मागे हवं तेवढं जा. हात लांब असलेल्यांना म्हणूनच अडचण येत नाही. २ मीटरला अर्ध्या वेटोळ्यापासून ७ मीटरला तीन वेटोळ्यांपर्यंत जावं लागतं.

आणखी एक वेगळी दुनिया आहे ती शहरांतल्या कुऱ्हाडफेक केंद्रांची. २००६ मध्ये टोरोंटोत एका घराच्या परसात हे सुरू झालं. तिथून निघालेल्या महासंघाच्या लक्ष्यावर ५, ३, १ असे गुण असतात आणि वर दोन छोटे ठिपके, त्यांना ७. ते ठिपके फक्त फेरीच्या पाचव्या, शेवटच्या फेकीला आणि आधी जाहीर करूनच मारता येतात. चुकलं की शून्य. वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीग नावाची दुसरी संघटना २०१७ ची, तिच्या फेरीत दहा फेकी. दोन्हीकडे लाकडी फळ्यांवर, सुमारे १२ फुटांवरून फेकतात. बघायला थरार जास्त, पण तिथे अंतर एकच असल्यामुळे मला चाकूफेक अधिक कसाची वाटते.

स्पर्धेबद्दल मनापासून एक सांगतो. सरावात वीसपैकी अठरा रुतवणारा माणूस स्पर्धेत बारावर येतो. माझ्या पाहण्यात असे कितीतरी आले. सरावात आपण चाकू चुकला की लगेच दुसरा फेकतो, मनात म्हणतो, तो धरायचा नाही. स्पर्धेत तो धरला जातो. म्हणून सरावाचेही सगळे गुण लिहा, शून्यासकट. वहीत शून्य लिहायची सवय लागली की रेघेवर हात स्थिर होतो.

---

माळरान

साहेब, शेवटचा परिच्छेद मी छापून शेडमध्ये लावणार आहे. गट करायचा आग्रह माझा याच कारणासाठी आहे. एकटा माणूस स्वतःचे गुण कधीच खरे मांडत नाही. शेजारी दुसरा वही घेऊन उभा असला की खेळ खेळ होतो.

---

शेंगाचटणी

मी बावन्न वर्षांची, बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतली. खांदा पूर्वी आखडला होता, आता बरा आहे. हे मला जमेल का? इथे सगळे पुरुषच दिसतायत.

---

माळरान

जमेल, आणि तुमच्या वयाला हा खेळ साजेसा आहे. वर सरांनी गणित मांडलंय, ताकदीचा प्रश्न नाही. परदेशी स्पर्धांत स्त्रिया आणि ज्येष्ठ नियमाने खेळतात.

खांद्याचं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. सुरुवात चाकवाने करा, टॉमहॉकने नको. चाकू कोपरातून फेकता येतो, टॉमहॉकला खांदा पूर्ण फिरवावा लागतो. आणि सलग फेकत बसू नका. तीन फेका, चालत जा, काढा, परत या. ते चालणं खांद्याला विसावा देतं. दुखायला लागलं की त्या दिवशीचं थांबवायचं.

---

दोन मुलांची आई

शेंगाचटणी ताई, तुम्ही येणार असाल तर मीही मुलाला घेऊन येते. दोघी असलो तर बरं वाटेल.

---

शेंगाचटणी

नक्की. मी जुळे सोलापुरात राहते, माझ्या गाडीत जागा आहे.

---

पूर्वभाग

अण्णा, निम्म्या जोरानं फेकलं, वर्कशॉपातनं एक पावकिलोची पट्टी टोक काढून घेतली. रुतायला लागलेत! पण फळी फुटली. लाकूड कुठलं घ्यायचं?

---

माळरान

शाब्बास!

फळी फुटणारच. तंतूंच्या दिशेनेच पातं बसलं की लाकूड उभं चिरतं. लक्ष्य म्हणजे ओंडक्याची आडवी कापलेली चकती हवी, तंतूंची टोकं आपल्याकडे. चाकू तंतूंच्या मधे शिरतो, काढल्यावर ते बरेचसे परत मिटतात. जाडी कमीत कमी अर्धा फूट.

लाकूड मऊ हवं. बाभूळ, कडुनिंब लक्ष्याला कामाचे नाहीत, चाकू टणकन परत येतो. पांगारा, सावर, सिल्व्हर ओक चांगले. उंबर मऊ असतं, पण अक्कलकोट-गाणगापूरच्या या पट्ट्यात औदुंबर वखारीत यायचा नाही, आणि आला तरी त्यावर चाकू फेकणं मला बरं वाटणार नाही. उभ्या झाडावर तर कुणीही फेकू नये. साल फाटली की कीड आत शिरते, झाड हळूहळू मरतं.

आपल्या उन्हाची मोठी अडचण आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, चकती मधोमध तडकून वाया जाते. आम्ही यावर जे केलं ते सांगतो. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव मिळाली, ती कापून लोहाराकडून दोन फुटांची गोल कडी करून घेतली. तिच्यात मऊ लाकडाचे चौकोनी ठोकळे तंतूंची टोकं समोर ठेवून ठासून भरले, फटीत पाचरी मारल्या. आता एक ठोकळा झिजला की तेवढाच बदलतो. खेळून झालं की ओलं गोणपाट गुंडाळून ठेवायचं. ओलं लाकूड मऊ राहतं, चाकू अलगद शिरतो, आणि पाणी पिऊन ठोकळे फुगले की कडीत घट्ट बसतात.

हेच ठोकळे टॉमहॉकला फार दिवस टिकत नाहीत. त्याला वेगळं लक्ष्य करा, नाही तर दोन्हींचं वाटोळं होतं.

---

वर्कशॉप

ठोकळे किती मापाचे घेता? आमच्या वर्कशॉपच्या सुतारी विभागात तुकडे पडून असतात. प्राचार्यांची परवानगी मिळाली तर पोतंभर आणू शकतो.

---

माळरान

चार इंच चौरस, सहा-सात इंच लांब. सर, पोतंभर मिळाले तर दुसरं लक्ष्यच उभं राहील.

पत्राचा मसुदा उद्या इथे टाकतो. पोलीस ठाण्याची पोच हातात आली की रविवारी सकाळी सात ते दहा अशी वेळ ठरवू, उन्हाच्या आत आटोपेल. पहिल्या दिवशी फक्त चाकू, फक्त ३ मीटर. प्रत्येकाला तीन चाकवांच्या सात पाळ्या आणि गुण शेजाऱ्याने लिहायचे. येणाऱ्यांनी बंद बूट, पाणी, टोपी आणावी. चाकू आणू नका, तिथे आहेत.

---

पूर्वभाग

मी येणार. एक शेवटचं विचारतो, मी डावरा आहे. डावऱ्याला रेघेवर वेगळी जागा लागते का?

---

माळरान

अंतर तेच, फक्त उजवा पाय पुढे. पण दोन लक्ष्यं शेजारी असतील तर डावऱ्याला डावीकडच्या टोकाला उभं करतो, म्हणजे फेकणारे हात एकमेकांसमोर येत नाहीत. तुझी जागा डावीकडे धरून ठेवतो.